ख्रिस्ती झालं की पागोटं सुटतं?

"ख्रिस्ती झाला की माणूस साहेब होतो; पागोटं, भाषा, सगळं सुटतं." मराठवाड्यात हे अजूनही कानावर येतं. साफ चूक. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले, तेही पागोटं घालूनच! बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते मन नवं करण्याबद्दल. पोशाख बदला असं नव्हे. मग वेगळेपण दिसावं कुठे? मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. कुणी बघत नसतानाही माप पुरतं घालणं, अबोला धरलेल्या भावकीच्या दारी आपण होऊन जाणं. नाताळची चांदणी टांगण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. आणि पुरणपोळी? ती ख्रिस्ती घरातही होतेच की.