भिंतीवरचं हरीण: काळवीट की चिंकारा?

आजकाल शाळेच्या भिंतींवर, नाक्यावरच्या कंपाउंडवर प्राणी रंगवायलेत सगळीकडं, आणि मोर-वाघासोबत एक हरीण हमखास असतंच. मला त्या हरणाबद्दल बोलायचंय. आपल्या मराठवाड्याच्या माळावर अशी दोन जनावरं फिरतात, काळवीट आणि चिंकारा, गावात दोघांनाही हरीणच म्हणतात आणि भिंतीवर येईपर्यंत दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं.

मागच्या हिवाळ्यात पाटोदा तालुक्यात एका शाळेची भिंत रंगवायलो होतो. नायगावचं मयूर अभयारण्य त्याच तालुक्यात, म्हणून मोर आधी झाला, शेजारी चिंकारा घेतला. खडूनं आऊटलाईन मारली, पिळाची शिंगं काढली, अंगाला बदामी रंग भरला, खाली नाव टाकलं. दुपारी शेळ्या घेऊन एक बाबा चालले होते, ते थांबले, बराच वेळ बघितलं अन् म्हणले, "शिंगाला पीळ घातलास पोरा, मग काळं का न्हाई केलंस?"

बाबांचं बरोबर होतं. दोरीला पीळ द्यावा तशी शिंगं काळवीट नराची, 35 ते 75 सेंटिमीटर लांब, वर फाकत गेलेली. चिंकाऱ्याची शिंगं आखूड, मागं झुकून टोकाला जरा पुढं येतात, पीळ अजिबात नाही. फसायला होतं ते कड्यांमुळं, कारण शिंगावर कडी दोघांच्याही असतात, पण कडं म्हणजे पीळ नव्हे. अजून एक, काळविटाच्या मादीला सहसा शिंगं नसतात, चिंकाऱ्याच्या मादीला असतात, बारीक अन् छोटी.

रंगावर एकट्यावर जाऊ नका. पोक्त काळवीट नर वरून गडद तपकिरी-काळा अन् पोटाखाली, पायांच्या आतून पांढराशुभ्र असतो, पण तरणा नर बदामीच दिसतो, शिंगाला पीळ असला तरी. म्हणजे माझं चित्र काळविटाचं म्हणून खपलं असतं, चिंकारा म्हणून नाही. आणि पोक्त नर रंगवताना डब्यातला कोरा काळा मारू नका, त्यात तपकिरी स्टेनर घाला, नाहीतर लांबून सावलीच वाटते.

सगळ्यात पक्की खूण मात्र चेहऱ्यावर आहे आणि तिथंच आपण घाई करतो. काळविटाच्या डोळ्याभोवती ठसठशीत पांढरं कडं असतं, नर असो की मादी. चिंकाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाकडं गडद रेघ उतरते, तिच्या कडेला पांढरी रेघ. एवढं नीट जमलं की बाकी थोडं इकडंतिकडं झालं तरी ओळखू येतं.

मागचा सीन पण बघा की. काळवीट मोकळ्या गवताळ माळावर, ज्वारी-तुरीच्या कडेला कळपानं. चिंकारा खडकाळ जागी, बोरी-बाभळीच्या झुडपात, दोन-चारच, आणि झाडपाल्यातल्या ओलीवर तो बिनपाण्याचा बरेच दिवस काढतो, त्यामुळं त्याला तळ्यावर उभं करायची गरज नाही. फाटे फुटलेली शिंगं अन् अंगावर ठिपके ही तर चितळाची मिळकत, ती शिंगं दरवर्षी गळतात. काळवीट-चिंकारा दोघंही कुरंग, गाई-शेळीच्या कुळातले, त्यांची शिंगं जन्मभर राहतात.

मी मग पिळाच्या शिंगांवर प्रायमरचे दोन हात मारले, आखूड शिंगं काढली, बारीक ब्रशनं डोळ्यापासून नाकापर्यंत रेघ ओढली, शेपटी काळी केली. दुसऱ्या दिवशी बाबा परत आले, शेपटीवर काठी टेकवून म्हणले, "हां, ही सारखी हालत ऱ्हाती बग."