मुरमातली हवा

कोल्हापुरातल्या आमच्या कळंब्याकडच्या घराच्या पोर्चची फरशी दुसऱ्याच पावसाळ्यात खचली. कोपऱ्यातल्या दोन लाद्या चांगल्या दोन बोटं खाली गेल्या आणि पाय पडला की पोकळ वाजायला लागल्या. गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी एक लादी उचकटली, खालच्या मुरमात पहार टेकवली आणि ती फारसा जोर न लावता वीतभर आत गेली.

"ह्यो नुसता वतलाय, कुटलाच न्हाई," मामा म्हणाले. "वरनं पाइप सोडला आसंल, बसतंय आपोआप म्हणून."

खरंच सोडला होता. जोत्याच्या भरणीत रात्रभर पाणी सोडलेलं मी स्वतः बघितलं होतं आणि काम मनापासून चाललंय म्हणून वर चहाही पाजला होता.

स्वच्छ वाळू असती तर पाण्यानं थोडीफार बसली असती, कारण पाणी तिच्यातून झरझर निघून जातं आणि जाताना कणांना खाली ओढतं. मुरूम म्हणजे आपला काळा कातळ कुजून झालेला भुगा. त्यात खडे असतात तशी चिकणमातीही असते, आणि ती पाणी धरून ठेवते. ओतलेल्या मुरमात कणांच्या फटींमध्ये हवा असते. कुटायचं ते ही हवा बाहेर घालवायला. पण फटी पाण्यानंच भरल्या तर ठोका कुणाला दाबणार? पाणी दाबलं जात नाही आणि ठोक्याच्या क्षणभरात बाहेरही पडू शकत नाही. मग भरणी रबरासारखी डुलते: इथं दाबलं की तिथं फुगतं. उलट अगदी कोरडा मुरूमही नीट बसत नाही, कारण कण एकमेकांवर घासतात, अडतात आणि जागा सोडत नाहीत. थोडा ओलावा आला की ते सरकून एकमेकांच्या फटीत शिरतात.

म्हणजे पाणी हवं, पण मोजकं. किती, हे पद्धतशीर मोजून दाखवलं लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात मातीची धरणं बांधणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरनं, १९३३ साली. आजही मातीच्या प्रयोगशाळेत त्याच्याच नावाची चाचणी होते. आपल्या भारतीय मानकानुसार १ लिटरच्या साच्यात माती तीन थरांत भरतात आणि २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटीमीटरवरून दर थरावर २५ वेळा पाडतात. दर खेपेला पाणी थोडं वाढवत जायचं. साच्यात मावणाऱ्या मातीचं, पाणी वजा करून उरणारं सुकं वजन आधी वाढत जातं, एका ओलाव्याला कमाल गाठतं आणि मग घसरतं. मामांची चाचणी याहून स्वस्त आहे. मूठभर मुरूम आवळून लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. वळलाच नाही तर पाणी कमी. पडून चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. चपटा होऊन तसाच बसला तर उद्या या.

आता जरा हिशेब करू, कारण खरी फसगत इथं होते. प्रॉक्टरच्या साच्यात १ लिटर मातीला सुमारे ५९० ज्यूल ऊर्जा मिळते. आपली धुम्मस, म्हणजे हातानं उचलून आपटायचा जड ठोकळा, धरा ७ किलोची, बूड १५ सेंटीमीटर चौरस, उचल ३० सेंटीमीटर. एका ठोक्याला साधारण २० ज्यूल. खालचा थर १० सेंटीमीटरचा असेल तर बुडाखाली सव्वादोन लिटर माती येते. म्हणजे तेवढ्याच जागेवर ६५ ठोके! आणि दीड फूट मुरूम एकदम ओतला तर तीनशेच्या घरात. तेही व्यर्थच, कारण ठोक्याचा जोर खाली जाता जाता पसरून विरतो. वरचा पापुद्रा दगडासारखा, खाली भुसभुशीत. आमच्या पोर्चमध्ये तर तो पापुद्राही नव्हता.

म्हणून थर पातळ हवेत: धुम्मसेला चार बोटं, यंत्राला वीतभर. भाड्यानं दोन यंत्रं मिळतात आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. प्लेट कॉम्पॅक्टर थरथरतो. त्या थरथरीनं वाळू, खडी, खडेदार मुरूम बसतो. चिकट मातीवर तो नुसता वरून पॉलिश मारतो. तिला लागतो जंपिंग जॅक, सेकंदाला दहाएक उड्या मारणारा. चरात आणि भिंतीच्या कडेला तोच बरा. खोल चरात मात्र पेट्रोलचा धूर साचतो, जपून.

कोल्हापुरात मातीची उलटी विद्या आपल्याला जास्त येते. तालमीत हौद्याची लाल माती सारखी उकरतात, तीत ताक-तेल घालतात, कारण तिथं फटी हव्याच असतात. पाठीवर पडणाऱ्या पैलवानाला त्याच झेलतात.

आणि शिरोळकडची काळी माती? ती कोरडी असताना दणकून कुटली तर पावसात उलट जास्त फुगते आणि फरशी वर उचलते. घट्ट तेवढं चांगलं, हा नियम तिला लागू नाही. मुंबई आयआयटीचे आर. के. कट्टी यांनी दाखवलेला उपाय असा, की अशा जमिनीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर द्यायचा. योग्य प्रतीचा मुरूम त्याला चालतो.

पोर्च मामांनी पुन्हा भरला. सगळा मुरूम बाहेर काढला, उन्हात पसरला, संध्याकाळी हातानं पाणी शिंपडून फावड्यानं पालटला. एवढ्याशा जागेला यंत्र नको म्हणाले. पहिल्या थरावर धुम्मस 'धप्प' वाजत होती. कुटता कुटता आवाज कोरडा, टणक होत गेला आणि धुम्मस हातात किंचित उसळायला लागली.

"ह्यो थर झाला," मामा म्हणाले. "आना फुडचं घमेलं."