‘जुनी गाणी सगळीच सोन्यासारखी होती’ हे कितपत खरं?

‘पूर्वीची गाणी अस्सल होती म्हणून टिकली, आजचं गाणं महिनाभरही टिकत नाही’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटकन पटतो, कारण आपल्या कानावर पडलेली जुनी गाणी खरंच सुंदर असतात.

पण कानावर पडली ती कोणती? भारतातला पहिला बोलपट १९३१ साली मुंबईत, गिरगावात लागला. त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षी आलेल्या एका बोलपटात तर सुमारे ७०! त्यातलं एक तरी तुम्हाला गुणगुणता येतं का? मलाही नाही. म्हणजे जुन्या काळातही ढिगानं गाणी आली आणि बहुतेक विसरली गेली. आपण तुलना करतो ती तेव्हाच्या चाळून उरलेल्या गाण्यांची आजच्या न चाळलेल्या ढिगाशी.

मग उरतात ती का? चाल चांगली हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही. गाणं पुन्हा पुन्हा वाजावं लागतं: रेडिओवर, लग्नाच्या बँडवर, चाळीतल्या गणपतीसमोर, गाण्यांच्या भेंड्यांत. शिवाय तरुणपणी ऐकलेलं माणसाच्या मनात जास्त रुजतं, आणि आईबाबांच्या तरुणपणातली गाणी घरात ऐकून मुलांचीही होतात.

पडताळायचं असेल तर चोरबाजारात जुन्या तबकड्यांच्या गठ्ठ्यासमोर उभे राहा. डोळे मिटून दहा उचला, लेबलं वाचा आणि ओळखीची किती निघतात ते मोजा. (घासाघीस मात्र आधी शिकून जा.)