जीवघेण्या खेळांच्या कथा (चित्रपट व मालिका)

ठरावीक नियमांच्या खेळात हरणाऱ्याचा जीव जातो आणि बहुधा एकच जण उरतो, अशी मांडणी असलेला पडद्यावरील कथाप्रकार. दक्षिण कोरियाच्या ‘स्क्विड गेम’ (२०२१) मालिकेमुळे तो सर्वदूर परिचित झाला.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण तो रोममधील ग्लॅडिएटरांच्या झुंजींपर्यंत (सर्वांत जुनी नोंद इ. स. पू. २६४ ची) किंवा मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाच्या भक्ष्यस्थानी पडण्यासाठी अथेन्सहून क्रीटला धाडलेल्या सात मुलगे व सात मुलींच्या ग्रीक कथेपर्यंत नेतात. मुलामुलींच्या जीवघेण्या स्पर्धेवरील ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीच्या लेखिका सुझन कॉलिन्स यांनी या कथेचे ऋण मान्य केले आहे, पण एका कृतीवरून सबंध प्रकाराची वंशावळ ठरत नाही. रिचर्ड कॉनेल यांची माणसाच्या शिकारीवरील १९२४ ची कथा व तीवरील १९३२ चा अमेरिकन चित्रपट हा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. त्यात शिकारी आहे, बघ्यांची गर्दी मात्र नाही. ती एलिओ पेत्री यांच्या ‘ला देचिमा वित्तिमा’ (१९६५) या इटालियन चित्रपटात येते. तेथे सावजाला चहाच्या जाहिरातीच्या चित्रीकरणातच मारण्याचा बेत आखला जातो.

जपानी शाखा कौशुन ताकामी यांच्या कादंबरीवरील ‘बॅटल रॉयल’पासून (२०००) ठळक होते. त्यात एका वर्गातील ४२ विद्यार्थ्यांना बेटावर सोडून एकमेकांना मारायला लावतात. दिग्दर्शक किंजी फुकासाकू पंधराव्या वर्षी युद्धसाहित्याच्या कारखान्यात राबले होते. वडीलधाऱ्यांवरील अविश्वास त्यांनी तेथूनच आणला. ‘स्क्विड गेम’वर एका जपानी चित्रपटाच्या (२०१४) अनुकरणाचा आक्षेप आला, तथापि दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांच्या म्हणण्यानुसार त्यांचे कथानक २००८-०९ मधले आहे.

आकर्षणाचे कारण हिंसेची चटक, असे सर्रास म्हटले जाते. ते अपुरे आहे. ‘स्क्विड गेम’मधील ४५६ कर्जबाजारी स्पर्धकांपैकी पहिल्या खेळात वाचलेले मतदान करून सुटतात आणि बहुतेक आपणहून परततात. बाहेर नसलेली समान संधी खेळात आहे, असे आयोजक सांगतात. गोट्या, रस्सीखेच यांचे नियम तर प्रेक्षकालाही शिकावे लागत नाहीत. नायकाच्या पूर्वायुष्याला २००९ च्या सांगयोंग मोटर कंपनीतील कामगार-संपाची पार्श्वभूमी आहे.

२०२३ मध्ये याच मालिकेवरून ४५६ खऱ्या स्पर्धकांचा, अर्थात प्राणहानीविना, दूरदर्शन-खेळ निघाला.