स्पर्शदुरुस्ती (योगाध्यापन)

योगासने शिकवताना शिक्षकाने बोटांनी, तळहाताने, पायाने किंवा स्वतःच्या शरीराचा भार देऊन विद्यार्थ्याची आसनस्थिती सुधारण्याची पद्धत. वर्गांमध्ये तिला सर्रास ‘करेक्शन’ किंवा ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात. हठप्रदीपिका, घेरंडसंहिता यांसारख्या हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतील आसनवर्णने साधकाने स्वतः काय करावे हे सांगतात. शिक्षकाचा हात हा मुख्यतः विसाव्या शतकातील सामूहिक वर्गांचा वारसा आहे.

या पद्धतीचे आजचे रूप बव्हंशी म्हैसूरहून आले. तेथील जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत 1933 पासून टी. कृष्णम्माचार्य शिकवीत. त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस (1915–2009) यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी ठरलेला आसनक्रम आपापल्या श्वासाच्या लयीत करतो आणि शिक्षक फारसे न बोलता त्यांच्यामधून फिरत हातानेच शिकवतो. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार (1918–2014) 1937 मध्ये पुण्यात आले. त्यांच्या पद्धतीत सूचना नेमक्या शब्दांत दिल्या जातात आणि स्पर्शही होतो. चापट मारून शिष्याला भानावर आणण्याची त्यांची रीत प्रसिद्ध होती व तिच्यावर टीकाही झाली. मात्र दोर, पट्टे, विटा, लोड ही साधने वर्गात रुळवून शिक्षकाच्या हाताचे बरेचसे काम निर्जीव वस्तूंकडे सोपवले तेही त्यांनीच. अधोमुख श्वानासनात (हात व पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचललेल्या आसनात) शिक्षक मागून मांड्या ओढतो तोच ताण भिंतीच्या हुकाला बांधलेला दोर जांघेत अडकवून मिळतो. दोराचा ताण किती ठेवायचा हे विद्यार्थ्याच्या हाती असते, कारण पाऊलभर मागे सरकले की तो सैल पडतो.

दिशा दाखवणारा स्पर्श आणि जोर लावणारा स्पर्श यांत फरक केला पाहिजे. त्रिकोणासनात मागच्या पायाच्या मांडीला दोन बोटे लावली की विद्यार्थ्याला कोणता स्नायू ढिला पडला आहे ते कळते आणि पुढचे काम तो स्वतः करतो. पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनात मात्र शिक्षक पाठीवर भार टाकून धड खाली दाबतो, तेव्हा मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे ओढ बसते आणि ही इजा महिनोन्‌महिने बरी होत नाही. पद्मासनात खुबा पुरेसा वळत नसताना गुडघा दाबला, तर सगळा पीळ गुडघ्याच्या सांध्यावर येतो. श्वास सुटताना हलकेच दाब द्यावा असा संकेत आहे, परंतु विद्यार्थ्याच्या वेदनेची सीमा शिक्षकाच्या तळहाताला बाहेरून कळत नाही. ती सांगण्याची मोकळीक विद्यार्थ्याला आहे की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

ही मोकळीक गुरू-शिष्य नात्यात सहज मिळत नाही. ‘गुरुजी’, ‘सर’ किंवा ‘ताई’ म्हणून ज्यांच्यापुढे रोज वाकायचे त्यांना भर वर्गात “पाठीवर दाबू नका” म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि दुखणे म्हणजे प्रगती असा समज असेल तर तक्रार करणाराच कच्चा ठरतो. 2017 च्या अखेरीपासून जोइस यांच्या काही माजी विद्यार्थिनींनी, दुरुस्तीच्या नावाखाली त्यांनी लैंगिक स्वरूपाचा स्पर्श केल्याचे आरोप जाहीरपणे मांडले. जोइस तेव्हा हयात नव्हते. त्यांचे नातू शरत जोइस यांनी 2019 मध्ये आजोबांच्या अशा स्पर्शाने विद्यार्थ्यांना झालेल्या वेदनेबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षी अमेरिकेतील अय्यंगार योग संघटनेने एका ज्येष्ठ शिक्षकाविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी करवून घेतली आणि त्यानंतर त्या शिक्षकाची मान्यता काढून घेण्यात आली.

त्यानंतर पाश्चात्त्य देशांतील अनेक वर्गांत संमतीच्या चकत्या किंवा कार्डे यांचा वापर वाढला. चटईच्या कोपऱ्यात ठेवलेल्या चकतीची एक बाजू होकार दर्शवते, दुसरी नकार, आणि ती वर्ग चालू असतानाही उलटता येते. सुरुवातीलाच “कुणाला स्पर्श नको असेल तर हात वर करा” असे विचारण्यापेक्षा हे बरे, कारण चारचौघांत नकार देणे अवघड असते आणि पहिल्या आसनाला दिलेला होकार शवासनात डोळे मिटून पडलेल्या माणसाला लागू होईलच असे नाही. महाराष्ट्रात महिलांची वेगळी सकाळची बॅच आणि स्त्री-शिक्षिका ही जुनीच व्यवस्था आहे. तिने संकोच कमी होतो, पण चुकीच्या दाबाने होणारी इजा त्यामुळे टळत नाही.

भारतात स्पर्शदुरुस्तीसाठी वेगळा कायदा नाही. विनयभंगाच्या हेतूने केलेला बळाचा वापर भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, तर 18 वर्षांखालील विद्यार्थ्यांना 2012 च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती नेमावी लागते. बहुतेक योगवर्ग एका शिक्षकाचे आणि भाड्याच्या सभागृहातले असल्याने तेथे अशी समिती नसते, आणि अशा ठिकाणच्या तक्रारींसाठी या कायद्यात जिल्ह्याच्या स्थानिक समितीची तरतूद आहे.