‘गिरणीचा दिवा’ : नावाचा गुंता आणि त्यामागचा इतिहास

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत, चोरबाजारात आणि आता ऑनलाइनही ‘मिल लॅम्प’ अशी चिठ्ठी लावलेले दिवे मिळतात. या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, गिरणीतून किंवा कारखान्यातून खरोखर निघालेली शेड. दुसरी, तोडलेल्या बोटीवरचा दिवा. तिसरी, मुरादाबादेत नवी घडवून वर गंजाचा हात मारलेली. तिन्हींना ‘मिड-सेंच्युरी’ आणि ‘इंडस्ट्रियल’ ही विशेषणं सरसकट लागतात. किमतीची घासाघीस नंतरची. आतली वायर, होल्डर, रंग आणि काच यांचं काय करायचं, हे वस्तू तिघांपैकी कुठली यावर ठरतं.

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे १९०५च्या सुमारास पसरले आणि त्याचा पहिला परिणाम म्हणजे कामाचा दिवस लांबला. सूर्य मावळला की साचे (माग) थांबायचे, ही मर्यादाच गेली. १९११च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांतल्या पुरुषांचं काम दिवसाला बारा तासांवर आणलं, त्याला या दिव्यांचीही पार्श्वभूमी आहे. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली. आज घरात हौसेनं टांगली जाणारी वस्तू मुळात जादा तास काम करून घ्यायला आली होती, एवढं लक्षात असलेलं बरं.

त्या काळातली शेड म्हणजे पोलादी पत्र्याची टोपी, बाहेरून हिरवी, निळी किंवा करडी, आतून पांढरी. हा रंग नसतो. काचेची भुकटी पत्र्यावर चढवून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला तो इनॅमलचा थर असतो, जुन्या इनॅमलच्या मगांवर असायचा तोच. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत, वर कापसाचा भुसा. अशा जागी साधा रंग टिकला नसता. इनॅमल पुसलं की पुन्हा पांढरं. दिवसा साळखात्यात दातेरी छपराच्या उत्तरेकडच्या काचांतून उजेड यायचा. दिवा खरा लागायचा रात्रपाळीला.

इथं एक बारकावा. इनॅमलचा टवका उडालेली जागा भिंगाखाली पाहिली, तर पांढऱ्या किंवा हिरव्या थराखाली आधी काळपट निळा थर दिसतो, मग लोखंड. पत्र्याला घट्ट धरून राहावा म्हणून पहिल्या थरात कोबाल्ट घालत, त्याचा तो रंग. नव्या मालावर पावडर कोटिंग असतं. त्याचा टवका गेला की थेट पत्रा दिसतो, आणि चाकूच्या टोकानं ओरखडाही उठतो. इनॅमलवर चाकू घसरतो. शिवाय लोहचुंबक खिशात ठेवावं. इनॅमलची शेड पोलादी असल्यामुळे चुंबक चिकटायलाच हवं.

आता ‘मिड-सेंच्युरी’बद्दल. सजावटीच्या बाजारात हा शब्द साधारण १९४५ ते १९७० या काळासाठी वापरतात. त्या काळात गिरण्यांचं काय चाललं होतं? टोपीच्या शेड जाऊन ट्यूबलाइट येत होत्या. चार फुटी, ४० वॉटची जाड ट्यूब, तांब्याच्या गुंडाळीचा चोक, स्टार्टर, आणि वर पन्हळीसारखा पत्रा. उंच गोदामांत आणि यंत्रशाळांत पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले. ८० आणि १२५ वॉटला आट्यांचा ई-२७ होल्डर, २५० आणि ४०० वॉटला जाडजूड ई-४०. म्हणजे ज्या टोपीच्या शेडला आज ‘मिड-सेंच्युरी’ म्हणतात ती घडणीनं त्याआधीची, आणि खऱ्या मिड-सेंच्युरी गिरणीतली ट्यूबची पन्हळ कुणी दिवाणखान्यात लावायला मागत नाही. नागमोडी तारेचा पिवळा ‘एडिसन बल्ब’ तर आणखी मागचा. कार्बनच्या तारेचे ते बल्ब पहिल्या महायुद्धाच्या आसपासच मागे पडले होते. १९१३ नंतर वायू भरलेला, गुंडाळी केलेल्या टंगस्टन तारेचा बल्ब आला आणि कारखान्यांनी तोच वापरला. १९४८च्या कारखाना कायद्याच्या सतराव्या कलमात तर प्रकाशाच्या उगमापासून डोळ्यांवर तिरीप येऊ नये, अशीच तरतूद आहे. शेडखाली बल्ब उघडा लोंबकळत ठेवायची आजची फॅशन त्या कलमात बसली नसती.

हौस आली कुठून? न्यूयॉर्कमध्ये ओस पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार राहू लागले. १९७१ मध्ये त्यांच्यासाठी सोहो भागात तिथं राहायची सवलत निघाली, आणि १९८२ मध्ये अशा माळ्यांवर राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तिथं दिवे हलवायचे नव्हतेच, ते आधीपासून टांगलेले होते. पुढे पूर्व युरोपातले कारखाने बंद पडल्यावर तिथल्या शेड लंडन-बर्लिनच्या दुकानांत आल्या. मग नक्कल सुरू झाली.

त्याच १९८२च्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यापुढची कहाणी इथं सांगायची गरज नाही. दिव्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती जमिनीची वाटणी. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले : मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची, गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यात धरायची नाही. वाद कोर्टात गेला आणि २००६ मध्ये हा बदल कायम झाला. त्यानंतर पाडापाडीला घाई आली. घाईच्या पाडापाडीत दिवा सुटा काढत नाहीत, छपराबरोबर खाली येतो. भंगाराचा हिशेब किलोवर, आणि किलोत पहिली नजर तांब्यावर. चोक फोडून गुंडाळी काढली की पाऱ्याच्या दिव्याचं धड निकामी. इनॅमलच्या पत्र्याला भंगारात भाव जवळजवळ नाही. त्यामुळे गिरणगावातून आलेली खरी शेड बाजारात आहे, पण दुकानांत जेवढ्या चिठ्ठ्या आहेत तेवढी नक्कीच नाही.

मग इतके दिवे येतात कुठून? बहुतेक अलंगहून. भावनगर जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर १९८३ पासून बोटी तोडल्या जातात. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्याचा बोटतोडीचा धंदा त्याहून जुना. अलंगच्या रस्त्यावर ‘खाडा’ म्हणतात त्या दुकानांची रांग आहे. बोटीवरचे पलंग, कपाटं, भांडी, दिवे तिथं जातीप्रमाणे लावलेले असतात. तिथून मुंबई-पुण्याकडे येताना वाटेत कुठंतरी बोटीच्या दिव्याचा ‘गिरणीचा दिवा’ होतो. ‘शिप लाइट’ या नावालाही गिऱ्हाईक आहे, पण परळ-लालबागच्या नावानं किंमत वाढते, हे उघड आहे. ही फसवणूक की बाजारातलं ढिलं नाव, यावर मतभेद आहेत. दुकानदार म्हणतात की ‘मिल’ म्हणजे फक्त ढंग. तसं असेल तर बिलावर ‘बोटीचा दिवा’ लिहून द्यायला हरकत नसावी. मागितलं की बहुधा टाळाटाळ होते.

बोटीचा दिवा ओळखणं सोपं आहे. अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं किंवा पितळी, काचेची बरणी आट्यांवर फिरवून बसवलेली, तिच्यावर सळ्यांची जाळी, आणि बाजूला वायर आत घेणारी एक किंवा दोन जाड ग्लँड. गिरणीच्या टोपीला ग्लँड नसते. तिची वायर वरच्या नळीतून सरळ खाली येते. बोटीवर हादरे फार, म्हणून बऱ्याच दिव्यांना पिनांचा बी-२२ होल्डर असतो, कारण आट्यांचा बल्ब हादऱ्यानं सैल होतो. जपानी बांधणीच्या बोटींवर ई-२६ सापडतो. त्यात आपला ई-२७ बल्ब कधी बसतो, कधी निम्म्यात अडतो. जोर करू नये, होल्डरच बदलावा. लोहार चाळीत चिनी मातीचा ई-२७ होल्डर सहज मिळतो.

बोटीवरची वीज घरच्यासारखी नसते. दिव्यांचा पुरवठा अनेकदा ११० व्होल्टचा, आणि दोन्ही तारा बोटीच्या अंगापासून अलग ठेवलेल्या, म्हणजे घरातल्यासारखी एक फेज आणि एक न्यूट्रल अशी वाटणीच नाही. दिव्यासोबत आलेला जुना बल्ब २३० व्होल्टवर पहिल्या क्षणी उडतो, हा धोका छोटा. मोठा धोका होल्डरच्या जोडणीत. आट्यांच्या होल्डरमध्ये बाहेरचं कडं न्यूट्रलला आणि तळाची टिकली फेजला हवी. उलटं जोडलं, तर बल्ब बदलताना बोट लागतं तिथं फेज असते. बोटीवर कुठली तार कुठं याला महत्त्व नसल्यामुळे जुन्या तारांच्या रंगावर विसंबू नये. सगळी वायर काढून टाकावी आणि ०.७५ स्क्वेअर एमएमची उष्णता सोसणारी सिलिकॉनची तीन तारी वायर घालावी. जुन्या कारखानी शेडमध्ये तर रबरावर सुती विणीची वायर असते. वाकवली की आतलं रबर भुगा होऊन पडतं.

तिसरी तार अर्थिंगची, आणि इथंच वायरमन चुकतो. इनॅमल ही काच आहे, तिच्यातून वीज वाहत नाही. अर्थिंगचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) इनॅमलवर पेचानं आवळला तर दिसायला जोडणी, प्रत्यक्षात शून्य. मानेजवळ नागडं धातू लागेपर्यंत घासायचं, दातेरी वॉशर घालायचा, मग आवळायचं. रंगवलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमलाही हेच लागू. जोडून झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं) तपासावं. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ओल किंवा चुकीची जोडणी आहे, दिवा टांगू नये. जुन्या इमारतींत लाकडी पट्टीतल्या वायरिंगला दिव्याच्या पॉइंटवर अर्थिंग नसतंच. तिथं बोर्डापासून नवी तार ओढावी लागते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा.

बोटीच्या दिव्यावर रंगाचे पाच-सहा थर असतात, खालच्यांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आली ती २०१६च्या नियमांनी. या बोटी त्याच्या कितीतरी आधी रंगवलेल्या. कोरडं घासू नये, धूळ उडते. मोकळ्या जागेत पेंट रिमूव्हर लावून ओला रंग खरवडावा. भंगारवाले घाईनं कॉस्टिक सोड्याच्या पिंपात बुडवतात. लोखंडाला ते चालतं, पण अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं, वर हायड्रोजन सुटतो. बाहेर येतो तो काळवंडलेला, मुरमासारखे खड्डे पडलेला दिवा. जुन्या गास्केटमध्ये किंवा मोठ्या वॉटच्या दिव्यातल्या वायरवर राखाडी-पांढरं तंतूंचं वेष्टन दिसलं तर ते अ‍ॅस्बेस्टॉस समजून ओलं करावं, न तोडता पिशवीत बांधावं. फुंकर किंवा ब्रश तर मुळीच नाही.

मग बफिंगचा वाद. अंग आरशासारखं चकचकीत केलं की विकलं लवकर जातं. पण ओतकामाचा खरखरीतपणा आणि ओतीव अक्षरं घासली जातात, आणि दिवा कुठल्या देशात घडला हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत लॅकरचा हात नसेल तर पितळ काही आठवड्यांत काळं पडतं. सौम्य साबण, नायलॉनचा ब्रश आणि मेणाचा एक हात एवढं पुरेसं आहे, असं आमचं मत. पोलादी पत्र्याच्या इनॅमलला तर बफ लावूच नये. टवक्याच्या कडेचा गंज काढून दोन भागांचं इपॉक्सी भरावं. एलईडीची उष्णता कमी असल्यामुळे ते टिकतं, २०० वॉटच्या बल्बखाली टिकलं नसतं.

बरणीचे दिवे उघडताना काच पकडून पिळली तर ती हातात फुटते. पोलादी पेच, अ‍ॅल्युमिनियम अंग आणि समुद्राचं मीठ, त्यामुळे आट्यांत पांढरी पूड साचून सगळं जाम झालेलं असतं. रात्रभर गंजतेल सोडावं, दुसऱ्या दिवशी धातूला हीट गननं शेक द्यावा, कडेनं लाकडी ठोकळ्यानं हलके टोले. फुटलेली बरणी दुसऱ्या बोटीची बसत नाही, आटे वेगळे पडतात. बंद बरणीत ५-६ वॉटपेक्षा मोठा एलईडी घालू नये. हवा खेळत नाही, बल्बच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) शिजतो आणि बल्ब काही महिन्यांत मिणमिणू लागतो.

उघड्या टोपीच्या शेडचं दुखणं वेगळं. ती २०० वॉटच्या, सुमारे १६ सेंटिमीटर लांब बल्बसाठी घडलेली. आजचा ९ वॉटचा एलईडी ११ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे मानेत वर जाऊन बसतो आणि टेबलावर उजेडाचं छोटंसं वर्तुळ पडतं. होल्डरला ४-५ सेंटिमीटरचा वाढीव तुकडा लावला की वर्तुळ रुंदावतं. बल्ब दुधी घ्यावा, २७०० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा), आणि त्याचा तळ शेडच्या कडेच्या आतच राहील असं पाहावं. जेवणाच्या टेबलापासून कड ७० ते ८० सेंटिमीटर उंच. शेड अपारदर्शक असल्यामुळे छत अंधारात राहतं. नऊ फुटी खोलीत फक्त हेच दिवे लावले तर घर गोदामासारखं दिसतं, भिंतीवर दुसरा उजेड लागतोच.

वजन वायरवर टाकायचं नाही, साखळीवर टाकायचं. पाऱ्याच्या दिव्याचं चोकच्या डब्यासकट धड पाच-सात किलो सहज भरतं. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला ते पेलत नाही. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर घालून हुक त्यातूनच खाली आणावा. टांगण्याआधी त्या हुकाला दिव्याच्या चौपट वजन तासभर लटकवून पाहावं. तेवढ्या वजनाची वाळू भरलेलं पोतं आणि दोरी यांत हे काम होतं.