शेजारच्या देशात क्लबची टीम न्यायची आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, कुठल्याही छोट्या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक भेटला की प्रश्न ठरलेला असतो: नेपाळ-भूतानच्या क्लब स्पर्धेचा फॉर्म कुठे मिळतो?

पहिली गोष्ट म्हणजे अधिकृत स्पर्धेला फॉर्म नसतोच. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे सॅफ, यात भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे सात देश आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये काठमांडूत सॅफची महिला क्लब स्पर्धा झाली. तिथे भारताकडून ईस्ट बंगाल गेलं ते २०२४-२५ची इंडियन विमेन्स लीग जिंकून, आणि करंडकही घेऊन आलं. त्यामुळे घोडबंदरच्या टर्फवर कोणी ‘सॅफची एंट्री करून देतो, पर हेड एवढे द्या’ म्हणत असेल तर खिशातून हात बाहेर काढू नका.

आपल्यासारख्यांना जाता येतं ते निमंत्रितांच्या स्पर्धांना. त्यासाठीही परवानगी लागते. ‘क्लब आमचा, खर्च आमचा, मग विचारायचं कुणाला?’ हे पालकांचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण क्लब संलग्न असेल तर परदेशी संघाशी सामना खेळायला आपल्या आणि यजमान, अशा दोन्ही देशांच्या महासंघांची मंजुरी लागते. हा फिफाचाच नियम आहे. कागद जिल्हा संघटनेकडून विफाकडे (म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि तिथून दिल्लीला अखिल भारतीय महासंघाकडे जातो. आता इथे सगळे फसतात. निमंत्रणावर ‘शेवटची तारीख ३०’ असं छापलेलं असतं आणि आपण २५ तारखेला जिल्ह्याला पत्र देतो. ती ३० तारीख आयोजकांची. त्याआधी तुमचा कागद तीन टेबलं ओलांडून परत यायला हवा, आणि टेबलांना तुमच्या तिकिटाची घाई नसते. निमंत्रण आलं त्याच आठवड्यात पत्र द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर ‘आमच्याकडे काही आलंच नाही’ हे उत्तर तयारच असतं.

खेळाडूंची महासंघाच्या सीआरएस प्रणालीवर नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, त्यात अवघड काही नाही. अडचण येते ती उसन्या खेळाडूंची. गोलकीपर दुसऱ्या अकादमीचा असेल तर सीआरएसवर तो त्यांच्याच नावावर दिसणार. त्यांचं लेखी ना-हरकत पत्र घ्या. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके सर’ चालत नाही.

वयोगटाबद्दलही गैरसमज आहे. ‘१५ वर्षांखालील’ म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पंधरा पूर्ण नकोत, असं घरात सगळे धरून चालतात. नियमपत्रिकेत बहुतेक वेळा ‘अमुक वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला’ असं असतं. त्यामुळे त्या तारखेच्या आदल्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा बाहेर राहतो, आणि तिकडे गेल्यावर कळलं तर तो बिचारा बाकावर बसून सामने बघतो.

आता जन्म दाखला. सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात. मुलं ठाण्यात वाढली तरी जन्म बऱ्याचदा आईच्या माहेरी झालेला असतो. कुणाचा साताऱ्याला, कुणाचा जळगावला. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. ठाणे महापालिकेच्या खिडकीवर तासभर उभं राहून ती मिळणार नाही. दुसरं, अनेक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झाली आणि पुढे कोणी लक्ष दिलं नाही. नाव नंतर टाकता येतं, पण नियमातली मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची आहे. म्हणजे बरोबर या वयोगटातल्या मुलांचीच वेळ संपत आलेली असते. हे काम आज करा, स्पर्धा असो वा नसो. तिसरं, दाखल्यावरची नोंदणीची तारीखही पाहिली जाते. जन्मानंतर कित्येक वर्षांनी केलेली नोंद असेल तर वयचोरीचा संशय येतो. मग मनगटाच्या हाडाची तपासणी मागितली जाऊ शकते, आणि ज्यांनी काही लपवलेलं नाही त्यांनाही ती करावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जन्म दाखला यांत वडिलांचं नाव एकीकडे आहे, एकीकडे नाही, इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं, हे तर घरोघरी आहे. सीआरएसवर नाव चढवण्याआधी ते एकसारखं करून घ्या.

नेपाळला पासपोर्ट लागत नाही, हे खरं आहे आणि अर्धंच आहे. अठरा पूर्ण झालेल्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही. मुलांचे सगळे कागद चोख ठेवणारा प्रशिक्षक स्वतः आधार घेऊन विमानतळाच्या काउंटरवर उभा राहतो, तेव्हा काय बोलणार? पंधराच्या आतल्या मुलांना आधार चालतं. मधल्या, म्हणजे १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळख प्रमाणपत्र लागतं, तेही ठरलेल्या नमुन्यात. शाळा मात्र सवयीने बोनाफाईड देते. नमुन्याची छापील प्रत तुम्हीच घेऊन जा, आणि दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीआधी जा. दहावी झालेल्या आणि अकरावीचा प्रवेश अजून न झालेल्या मुलाला सही कोण देणार, हे शाळाही सांगत नाही आणि कॉलेजही.

म्हणून माझं मत सरळ आहे: पासपोर्टच काढा. अठराखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीचं घोषणापत्र, म्हणजे ॲनेक्श्चर डी, लागतं. एकाची सही मिळणं शक्य नसेल तर ॲनेक्श्चर सी आहे. वडील आखातात आहेत म्हणून अर्ज सोडून देऊ नका. बांगलादेशला व्हिसा आधी काढावा लागतो, तेव्हा तिथे पासपोर्टवाचून गत्यंतर नाहीच.

भूतानला मोठ्यांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आणि पासपोर्ट नसलेल्या अठराखालच्यांसाठी जन्म दाखला व सोबत पालक. दाखला इंग्रजीत हवा. गावाकडचे जुने, हाताने लिहिलेले दाखले नुसते मराठीत असतात. तिथे भारतीयांना दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वयाच्या मुलांना ते निम्मं आहे. सोळा मोठी मुलं आणि दोन प्रशिक्षक धरले तर एका रात्रीचे २१,६०० रुपये होतात. निमंत्रणात ‘राहणं-जेवण मोफत’ लिहिलेलं असलं तरी हे शुल्क कोण भरणार, ते पालकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी आयोजकांकडून लेखी घ्या.